सरकारी कामाची वीट कुणी थापली? नव्या अभियंत्यांसाठी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

बांधकाम उपविभागात रुजू झालात की पहिल्या महिन्यातच वरिष्ठ एक गोष्ट शिकवतात. कंत्राटदाराचं देयक पुढे पाठवण्याआधी गौण खनिजाच्या रॉयल्टीच्या पावत्या बघायच्या. खडी कोणत्या खाणीतली, मुरूम कोणत्या गटातला, वाळू कोणत्या घाटावरची, परवाना कुणाच्या नावाचा. पावत्या नसतील तर तेवढी रक्कम देयकातून कापायची. म्हणजे दगड कुठून आला हे विचारायची रीत आपल्याकडे पक्की आहे. तो दगड फोडणारा माणूस कुठून आला, कुणाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन आला, मनात आलं तर त्याला घरी परत जाता येतं का, हे मात्र आपल्या एकाही रकान्यात नाही. तो रकाना कसा जोडायचा, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एका अंगणवाडीच्या इमारतीचं काम होतं. विटा कच्च्या येत होत्या म्हणून नमुने घ्यायला भट्टीवर गेलो. थापणीच्या पट्ट्यात एक कातकरी बाई बसली होती आणि पाच-सहा वर्षांची मुलगी वाळत घातलेल्या विटा उलटवत होती. मी सहज विचारलं, "ताई, या मोसमात किती विटा झाल्या?" ती म्हणाली, "शेठच्या वहीत असंल." "आणि पैसे किती मिळाले?" "खर्ची मिळते बाजाराच्या दिवशी. अजून अंगावर एकवीस हजार आहेत." मी पाच विटा पोत्यात घातल्या, प्रयोगशाळेत पाठवल्या, दाबशक्तीचा आकडा नोंदवहीत लिहिला आणि पुढच्या महिन्यात देयकावर सही केली. वीट पास झाली होती. लहान मुलांच्या अंगणवाडीसाठी दुसरं लहान मूल विटा उलटवत होतं आणि त्या नोंदवहीत त्याची एक ओळसुद्धा नव्हती. ती नोंद तुमच्या हातून व्हावी म्हणून हे लिहितो आहे.

पहिली पायरी : कायदा वेठबिगारी कशाला म्हणतो ते नीट समजून घ्या

वेठबिगार म्हणजे वाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारा गडी, आणि तो प्रकार आता संपला, अशी समजूत घेऊन आपण नोकरीत येतो. वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम, १९७६ वाचला की ही समजूत गळून पडते. हा कायदा २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू आहे. त्यातली व्याख्या साध्या भाषेत अशी : उचल, कर्ज, वाडवडिलांचं देणं किंवा जातीच्या रूढीतून आलेलं बंधन यांपैकी काहीतरी आहे, आणि त्यापायी माणसाने चारपैकी एक जरी गोष्ट गमावली, तरी ती वेठबिगारी. या चार गोष्टी म्हणजे रास्त मजुरी, दुसरीकडे काम करायची मोकळीक, देशात कुठेही जाण्यायेण्याची मोकळीक, आणि आपले श्रम किंवा आपला माल बाजारभावाने विकायचा हक्क. चारही गेल्या पाहिजेत असं नाही. मारहाण झाली पाहिजे, कोंडून ठेवलं पाहिजे, असंही नाही. १९८५ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केलं की कंत्राटी मजूर आणि परराज्यातून आणलेले मजूरही या व्याख्येत येतात. आपल्या कामांवरचे बहुतेक मजूर याच दोन गटांतले असतात.

उचल घेतलेला प्रत्येक मजूर वेठबिगार असतो असं मात्र समजू नका. मोसमाआधी उचल घेणं ही विटा, ऊस, खाण या सगळ्या धंद्यांतली रीत आहे. उचल फिटते का, हिशेब मजुराला कळतो का, आणि फिटायच्या आधी तो निघून जाऊ शकतो का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळं ठरतं.

सरकारी कामाशी याचा थेट संबंध सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वीच लावून दिला आहे. १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत स्टेडियम, उड्डाणपूल, वसाहती उभ्या राहत होत्या. कामं सरकारी संस्थांची, करणारे कंत्राटदार. मजूर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशातून जमादारांनी आणलेले. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे, त्यातला एक रुपया जमादार कापून घेत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेच्या पत्रावरून सुनावणी झाली आणि न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला : गरजेपोटी किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करावं लागणं ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमातली सक्तीची मजुरीच आहे, आणि मजूर कंत्राटदाराचे आहेत असं म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, राजस्थानातल्या दुष्काळी कामावरच्या रस्त्याबाबत संजीत रॉय प्रकरणात हाच नियम लागला. दुष्काळात काम देऊन आम्ही उपकारच करतो, हा बचाव न्यायालयाने ऐकला नाही.

हे दोन निकाल पाठ असू द्या. "मजुरांचं आपल्याला काय, ते ठेकेदार बघेल" असं कुणी म्हणालं की उत्तर तयार पाहिजे.

दुसरी पायरी : कामाची साखळी कागदावर काढा

प्रत्येक कामासाठी एक पान घ्या. वरती आपलं कार्यालय, त्याखाली कंत्राटदार, मग पोटकंत्राटदार, मग माल पुरवणारा, मग भट्टीमालक किंवा खाणमालक, मग मुकादम, आणि सगळ्यात खाली जोडी. जोडी म्हणजे नवरा-बायको मिळून एक. हिशेब जोडीच्या नावाने, पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात, आणि काम दोघांचं, शिवाय मुलांचं. ऊसतोडीत याच एककाला कोयता म्हणतात.

सगळ्या वस्तूंच्या मागे धावू नका, दमून जाल. सिमेंट आणि लोखंड मोठ्या कारखान्यांतून येतं. तिथेही प्रश्न असतात, पण तालुक्याच्या कनिष्ठ अभियंत्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही. आधी विटा, खडी-दगड, पाइपलाइनचं आणि केबलचं खोदकाम, रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या टोळ्या आणि सफाईची कंत्राटं बघा. पुढची लक्षणं जिथे एकत्र दिसतील तिथे आधी जा : उचल देऊन दुरून आणलेले मजूर, कामाच्या जागीच पाल किंवा झोपडी, रोजाऐवजी नगावर मजुरी, आणि मजूर व मालक यांच्यामध्ये मुकादम.

आपल्या भागातल्या वीटभट्टीचं चक्र माहीत नसेल तर कागदावर काही दिसणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ठाणे, पालघर, रायगड भागातल्या कातकरी पाड्यांवर श्रावण-भाद्रपदात घरातलं धान्य संपतं, शेतावरची कामं नसतात. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न. त्या वेळी भट्टीवाल्याचा माणूस येतो आणि उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जातं आणि पाऊस येईपर्यंत तिथेच राहतं. माती कालवायची, चिखल मळायचा, विटा थापायच्या, उलटवून वाळवायच्या, भट्टी रचायची. दर हजार विटांमागे ठरलेला. आठवड्याला बाजारापुरती खर्ची हातात येते, तीही उचलीत लिहिली जाते. अवकाळी पावसात भिजलेल्या विटा मजुराच्या नावावर फुटतात. मोसमाच्या शेवटी शेठ वही उघडतो आणि बाकी सांगतो. बाकी अंगावर राहिली की पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, आणि वहीतला हिशेब तपासून बघता येईल एवढं शिक्षण पाड्यावर फार थोड्यांना मिळालेलं असतं. वसई भागात १९८२ साली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली ती याच आदिवासी वेठबिगारांच्या मुक्तीसाठी. तुमच्या तालुक्यात अशी संघटना काम करत असेल तर तिच्या कार्यकर्त्यांची ओळख करून घ्या. कोणत्या भट्टीवर काय चालतं हे त्यांना आपल्या आधी माहीत असतं.

कार्यालयीन खरेदी तुमच्याकडे असेल तर आणखी थोडंच. फरशीचा दगड राजस्थानातून येतो आणि तिथल्या खाणी व पाषाणकामात बालमजुरी वारंवार उघड झाली आहे. गणवेशाच्या कापडाचं सूत तमिळनाडूच्या गिरण्यांतलं असू शकतं. तिथे लग्नासाठी एकरकमी पैसे देऊ असं सांगून मुलींना वर्षानुवर्षं वसतिगृहात अडकवणारी 'सुमंगली' पद्धत गाजली होती. अशा ठिकाणी तुम्ही स्वतः जाऊ शकत नाही. पुरवठादाराकडून गिरणीचं आणि खाणीचं नाव लेखी घ्या, इतकं तरी होतंच.

तिसरी पायरी : दर बघा, तिथेच बरंच कळतं

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच आहे. निविदा उघडली, सगळ्यात कमी दर आला, सगळे खूश. पण कमी दर कुठून आला, हे विचारायचं असतं.

समजा, अंदाजपत्रक २० लाखांचं आहे आणि निविदा २२ टक्के कमी दराने आली, म्हणजे १५ लाख ६० हजारांची. फरक ४ लाख ४० हजार. दर पृथक्करणात, म्हणजे दर कसा बसला याच्या फोडीत, कंत्राटदाराचा नफा १० टक्के धरला असेल तर तो सुमारे १ लाख ८० हजार होतो. त्याने नफा पूर्ण सोडला असं धरलं तरी २ लाख ६० हजार उरतात. सिमेंट, लोखंड, डिझेल त्याला बाजारभावानेच घ्यावं लागतं. मग हे पैसे एक तर कामाच्या दर्जातून निघणार किंवा मजुरीतून. दर्जासाठी आपण नमुने घेतो आणि कमी दराच्या निविदेवर जादा सुरक्षा ठेव मागतो. मजुरीसाठी काहीच मागत नाही.

म्हणून अवाजवी कमी दर आला की कंत्राटदाराकडून लेखी दर पृथक्करण मागवा आणि त्यात मजुरीचा भाग वेगळा काढून द्यायला सांगा. अंदाजपत्रकानुसार कामाला लागणारे मनुष्यदिवस काढा, त्या दिवशी लागू असलेल्या किमान वेतनाने गुणा, आणि त्याने दाखवलेल्या मजुरीशी ताडून बघा. ती कमी पडत असेल तर तसं टिपणीत लिहून निर्णयासाठी वर पाठवा. निविदा नाकारायचा अधिकार तुमचा नसेल, लिहिण्याचा नक्की आहे. मनुष्यबळ पुरवठ्याच्या कंत्राटात हे आणखी सोपं असतं, कारण किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि विम्याचा हिस्सा मिळून खालची रक्कम ठरलेलीच असते. त्याखालचा दर म्हणजे कुणाच्या तरी पगारातली कपात.

चौथी पायरी : निविदेत काय लिहायचं

निविदा उघडल्यावर नवी अट घालता येत नाही. जे हवं ते निविदा संचातच आलं पाहिजे, आणि त्याला सक्षम अधिकाऱ्याची मान्यता पाहिजे. पहिल्यांदा मागाल तेव्हा "अशी अट आजवर नव्हती" हे ऐकायला मिळेल. वर सांगितलेले दोन निकाल टिपणीत जोडा.

मुद्रांकावरच्या हमीपत्रावर विसंबू नका. "आम्ही बालमजूर व वेठबिगार ठेवणार नाही" असं हमीपत्र सगळेच देतात, ते देयकाच्या गठ्ठ्यात जाऊन बसतं. ज्याची पडताळणी होऊ शकते तेच मागा. मी वापरत आलो तो मसुदा असा :

"कंत्राटदाराने काम सुरू करण्यापूर्वी विटा, खडी व दगड पुरवणाऱ्या भट्ट्या व खाणी, तसेच सर्व पोटकंत्राटदार व मुकादम यांची नावे व ठिकाणे लेखी कळवावीत व बदल झाल्यास सात दिवसांत कळवावे. मजुरांना दिलेली उचल, तिची तारीख व शिल्लक यांची नोंदवही कामावर ठेवावी व प्रत्येक मजुरास त्याच्या हिशेबाची प्रत द्यावी. मजुरी प्रत्येक स्त्री व पुरुष मजुराच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करावी. मजुरांची ओळखपत्रे, शिधापत्रिका, बँक पुस्तके ताब्यात ठेवू नयेत. उचल शिल्लक आहे या कारणाने कोणासही काम सोडण्यास अटकाव करू नये. मालाच्या उगमस्थानी गुणवत्ता व मजुरांची स्थिती या दोन्हींच्या तपासणीसाठी प्रभारी अभियंत्यास प्रवेश द्यावा. वरील अटी पोटकंत्राटदार व पुरवठादार यांच्यावरही बंधनकारक राहतील."

यातलं उगमस्थानाच्या तपासणीचं वाक्य सगळ्यात कामाचं. भट्टीमालकाचा आणि आपला करार नसतो, त्यामुळे "तुम्ही कोण?" असं तो विचारू शकतो. पण मालाचं उगमस्थान तपासायला आपण गुणवत्तेसाठी जातोच. त्याच वाक्यात आणखी तीन-चार शब्द घातले की दार उघडतं.

पाचवी पायरी : भट्टीवर, खाणीवर, कामावर जा

हे जमायला वेळ लागतो. घाई करू नका आणि एकट्याने जाऊ नका. बरोबर एखादी महिला सहकारी असू द्या. ओळखीची अंगणवाडी सेविका किंवा आशा ताई मिळाली तर फारच बरं, कारण भट्टीवरच्या बाळंतिणी आणि लहान मुलं तिला आधीच माहीत असतात. जीपमधून उतरून थेट शेठच्या खुर्चीत बसू नका आणि त्याचा चहाही घेऊ नका. त्या एका कपानंतर मजूर तुमच्याशी बोलणार नाहीत. आधी विटांचे नमुने घ्या, मोजमाप करा, निवांत फिरा. मुकादम सावलीसारखा मागे लागतो. एकाने त्याला रजिस्टरं दाखवायला सांगून गुंतवायचं, तेवढ्यात दुसऱ्याने झोपड्यांकडे जायचं.

वेठबिगार हा शब्द तोंडातून काढू नका. तुम्ही वेठबिगार आहात का, असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं, आणि ते प्रामाणिक असतं. उचल घेतली म्हणजे फेडलीच पाहिजे, असं त्या माणसाला मनापासून वाटतं. साधे प्रश्न विचारा. गाव कुठलं? कधी आलात? यायच्या आधी किती घेतले होते, कुणाकडून? हजारामागे काय दर ठरला? गेल्या आठवड्यात किती थापल्या, आणि खर्ची किती मिळाली? हिशेब कुणाकडे लिहिलेला आहे, तुमच्याकडे कागद आहे का? आधार कार्ड, रेशन कार्ड कुठे आहे? परवा गावात लग्न असेल तर जाता येईल का, की घरातलं एक माणूस इथे ठेवावं लागेल? आधी कुणी निघून गेलं होतं का, मग काय झालं? पोरं शाळेत कुठे जातात?

शेवटून तिसरा प्रश्न कधीही गाळू नका. लग्नाला किंवा मयतीला जाताना एका माणसाला मागे ठेवावं लागतं, ही ओलीस ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी इतकी रुळलेली आहे की मजूर ती तक्रार म्हणून सांगतच नाहीत. विचारलं तर सहज सांगतात.

बायकांशी वेगळं बोला. त्यांना हिशेबातलं फारसं माहीत नसतं, पण किती वाजता उठतो, बाळंत होऊन किती दिवसांनी थापणीला बसले, रात्री मुकादम दारू पिऊन झोपडीकडे येतो का, हे त्याच सांगतील. यातलं काही ऐकलं तर तिथल्या तिथे वही काढून लिहायला लागू नका. गाडीत बसल्यावर लिहा. चेहरे दिसतील असे फोटो काढू नका, आणि कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर काहीही टाकू नका. त्या गटातला एखादा फोटो संध्याकाळपर्यंत भट्टीवाल्याच्या मोबाइलवर असतो.

बाजाराच्या दिवशी, म्हणजे खर्ची वाटतात त्या दिवशी एकदा जाच. आणि एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, मोसम भरात असताना. मेअखेर गेलात तर रिकाम्या झोपड्या मिळतील.

सहावी पायरी : देयक

कनिष्ठ अभियंत्याच्या हातात खरं बळ एकच, ते म्हणजे देयकाखालची सही. ती जपून वापरा.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे आपल्या कार्यालयावर, एक जबाबदारी टाकली होती : कंत्राटदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर ती आपण द्यायची आणि त्याच्या देयकातून वळती करायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला, तरी ही जबाबदारी तशीच राहिली आहे. म्हणजे कामावरच्या मजुरांच्या थकलेल्या मजुरीचा प्रश्न तुम्ही हातात घेतलात तर ती लुडबूड ठरत नाही, ते आपल्या कार्यालयाचं देणं आहे. भट्टीवरच्या मजुरांना हे कलम थेट लागू होईलच असं धरून चालू नका. त्यांच्यासाठी निविदेतली अट आणि वेठबिगारीचा कायदा ही आपली हत्यारं.

देयकासोबत मजुरांचं मस्टर (हजेरीपट), बँकेत जमा झाल्याचा पुरावा आणि रॉयल्टीच्या पावत्या एकत्र ठेवून बघा. मस्टरवर बारा नावं आणि मोजमाप पुस्तिकेत तीस माणसांचं काम, असं दिसलं तर अठरा माणसं कुठे आहेत हे विचारा. एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेली पाच-सहा खाती, पैसे जमा होताच त्याच दिवशी काढलेले, असं दिसलं तर एटीएम कार्डं मुकादमाकडे आहेत असं समजा. बायकांची नावं मस्टरवर नाहीत आणि कामावर मात्र बायका दिसतात, हे तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सापडेल.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक देयकातून आपण बांधकाम कामगार कल्याणासाठी १ टक्का उपकर कापतो. कामगाराच्या नावाने पैसा जातो, पण ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणून तोच कामगार मंडळाकडे नोंदलेला नसतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना हे प्रमाणपत्र देता येतं. कामावर एक दिवस बसून सगळ्यांचे अर्ज भरून घेतलेत, तर मुलांच्या शिष्यवृत्तीपासून उपचारांच्या मदतीपर्यंतची दारं त्यांना उघडतात. पुढच्या भाद्रपदात उचल घ्यायची वेळ येण्याला त्यातून थोडा तरी अटकाव होतो.

सातवी पायरी : सापडलं तर

पहिल्यांदा हे समोर येतं तेव्हा राग येतो, आणि रागात हातून दोन चुका होतात. एक म्हणजे मालकाला तिथेच दम देणं. त्याच रात्री ट्रक येतो आणि कुटुंबं दुसऱ्या जिल्ह्यात नेली जातात. दुसरी म्हणजे ताबडतोब माल बंद करणं किंवा काळ्या यादीची नोटीस काढणं. त्यात मालकाचं थोडं नुकसान होतं, मजुरांची मजुरी मात्र पूर्ण बुडते आणि बाकी अंगावर तशीच राहते. कंत्राटावरची कारवाई नंतर करायची आहे. आधी माणसं सुरक्षित झाली पाहिजेत.

त्याच दिवशी आपल्या वरिष्ठांना कळवा आणि प्रांताधिकारी व जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्या. १९७६ च्या कायद्याने वेठबिगार शोधून मुक्त करायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आणि त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांवर टाकली आहे. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्याही आहेत. तिथल्या अशासकीय सदस्यांची नावं आधीच माहीत करून ठेवा. लहान मुलं असतील तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा. जिवाला धोका दिसला तर ११२. पत्रात "वेठबिगारी आढळली" असा निष्कर्ष काढू नका. काय पाहिलं, काय ऐकलं तेवढंच लिहा : किती कुटुंबं, उचलीचे आकडे, दर, खर्ची, कागदपत्रं कुणाकडे, जाण्यायेण्यावर काय बंधन. पत्राची पोच घ्या.

अशा वेळी गावातली वजनदार माणसं मध्ये पडतात. "अर्धी उचल द्या आणि सोडवा माणसं, कशाला केस?" त्यांचा हेतू कधीकधी चांगलाही असतो. पण तुम्ही त्यात पडू नका. कायद्याने वेठबिगारीचं कर्ज संपलेलं आहे. एक रुपयाही देणं लागत नाही, आणि तसं कर्ज वसूल करणं हाच गुन्हा आहे. कर्ज वेठबिगारीचं नव्हतं हे सिद्ध करायचा भार कर्ज देणाऱ्यावर असतो. मजूर अनुसूचित जातीचे किंवा जमातीचे असतील आणि मालक त्यांतला नसेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो, हे पोलिस ठाण्यात आठवण करून द्यावं लागतं.

चौकशीनंतर मजुरांना मुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं पाहिजे. ते मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तो कागद नसेल तर पुनर्वसनाची गाडी पुढे सरकत नाही. केंद्राच्या योजनेनुसार तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत आहे. पुढचं पुनर्वसन साहाय्य प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, आणि अतिशय गंभीर शोषणाच्या प्रकरणांत ३ लाख. ही मदत थकलेल्या मजुरीच्या बदल्यात नाही. मजुरी वेगळी. थापलेल्या विटांचा हिशेब करायला तुमची मोजमाप पुस्तिका, विटांच्या खेपांच्या पावत्या आणि गेटवरची नोंद उपयोगी पडते. हा पुरावा आणखी कुणाकडेही नसतो. माझ्या शेवटच्या पोस्टिंगमध्ये चार कुटुंबांची थकलेली मजुरी निघाली ती केवळ खेपांच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून.

माणसं घरी पोचल्यावर गटविकास अधिकाऱ्यांना भेटून त्यांचं जॉबकार्ड, रेशन कार्ड आणि मुलांचे शाळेतले दाखले मार्गी लागलेत का ते बघा. पाड्यावर रोजगार हमीचं काम आणि धान्य दोन्ही नसेल तर पुढच्या पावसाळ्यात उचल देणारा माणूस पुन्हा दारात उभा राहतो. यातलं बरंच आपल्या टेबलावरचं नाही हे मला माहीत आहे. एक फोन मात्र आपण करू शकतो.

त्यानंतर कंत्राटदाराकडे वळा. त्याने खरंच माहिती दिली असेल, तपासणीला आडकाठी केली नसेल, तर त्याला सुधारायची मुदत द्या : हिशेब पूर्ण, कागदपत्रं परत, पुरवठादाराची अट मान्य. त्याने लपवाछपवी केली असेल तर करारातली दंडाची आणि काळ्या यादीची कलमं आहेतच. सांगितलं म्हणून शिक्षा झाली तर पुढचा कोणीच सांगणार नाही, म्हणून हा फरक करणं गरजेचं.

आपल्या कार्यालयाचा वाटा

हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिलं पाहिजे. देयकं आपण थकवतो. काम पूर्ण होऊन महिनेमहिने निधी येत नाही. थकीत देयकांसाठी कंत्राटदारांनी राज्यभर आंदोलनं केलेली तुम्ही पाहिली असतील. लहान कंत्राटदार सावकाराकडून पैसे उचलतो, तो भट्टीवाल्याला थकवतो आणि भट्टीवाला मजुरांचा हिशेब लांबवतो. आपल्याकडच्या एका अडलेल्या फाइलीचा भार उतरत उतरत जोडीच्या अंगावर येतो. निधी तुमच्या हातात नाही. पण तुमच्या टेबलावर एखादं देयक किती दिवस पडून राहतं, ते तुमच्या हातात आहे. मजुरीचा भाग वेगळा दाखवून तेवढं चालू देयक आधी काढायची शिफारस करता येते. मी काही वेळा केली, दोनदा ती मान्य झाली.

तसंच मुदतीचं. मार्चअखेर निधी खर्ची पडावा म्हणून सहा महिन्यांचं काम दोन महिन्यांत मागितलं की कंत्राटदार मिळेल त्या मुकादमाकडून मिळतील ती माणसं आणतो. कार्यारंभ आदेश वेळेवर निघाला तर ही धावपळच होत नाही.

चार्ज देताना

तीन वर्षांनी तुमची बदली होईल. साखळीची ती पानं, भट्ट्यांच्या भेटींची वही, खेपांच्या पावत्यांचा गठ्ठा आणि दक्षता समितीशी झालेला पत्रव्यवहार हे चार्ज यादीत स्वतंत्र अनुक्रमांक टाकून लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या. मजुरांची नावं असलेली पानं पाकिटात बंद करून द्या. जमलं तर नव्या अभियंत्याला बरोबर घेऊन एकदा भट्टीवर जाऊन या. दिवाळीनंतरचा पहिला बाजार कोणत्या वारी भरतो, तेही त्याला सांगून ठेवा.